खिळ्यावरची चावी

सोमवारी सकाळी पावणेसातच्या सुमारास ताईने लॅबच्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरचं दार उघडलं आणि आतून धुकं आलं नाही.

एरवी ते दार उघडलं की पांढरं धुकं पायांवर सांडायचं आणि जाड हातमोजे घातले तरी बोटं बधिर व्हायची. सोमवारी आतून ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. ताईने वरच्या कप्प्यातलं पहिलं खोकं ओढलं. खोक्याचा तळ हातातच सुटला आणि करंगळीएवढ्या नळ्या फरशीवर घरंगळल्या. आत जे दगडासारखं गोठलेलं असायचं ते आता हलत होतं. ताई ओरडली नाही. तिने एकेक नळी उचलली, झाकणावरचा क्रमांक वाचला आणि स्टँडमध्ये क्रमाने लावली. झाडायला आलेल्या बाईंनी तिला पाहिलं तेव्हा ती अजून नळ्या लावत होती.

"पाणी पुसू का गं?" बाईंनी विचारलं.

"नको. सर येईपर्यंत राहू दे."

फ्रीजर शनिवारी दुपारी बंद पडला होता. कॉम्प्रेसर गेला. दुरुस्तीवाला नंतर म्हणाला की यंत्र जुनं होतं, आज नाही तर उद्या जाणारच होतं. पण अशी यंत्रं मुकाट्याने मरत नाहीत. आतलं तापमान चढू लागलं की अलार्म वाजतो, आणि तो एवढा कर्कश असतो की विभागाच्या दारावरच्या रखवालदाराला ऐकू जातो. रखवालदाराकडे सरांचा, म्हणजे लॅबच्या मार्गदर्शकांचा, नंबर आहे. सरांनी दोन तासांत कोरडा बर्फ मागवून नमुने दुसरीकडे हलवले असते. हे पूर्वी एकदा झालं होतं आणि एक नळीही वाया गेली नव्हती.

या वेळी अलार्म वाजला नाही. तो चावीने बंद केलेला होता.

आत ताईची पाच वर्षं होती. मूत्रपिंडाच्या एका आजारावर तिचा प्रबंध होता. इस्पितळातल्या लहान मुलांचं रक्त तिने स्वतः वॉर्डात उभं राहून गोळा केलं होतं, आईबापांच्या सह्या घेऊन, रडणाऱ्या पोरांना फुगे देऊन. शेवटच्या चाचण्या तेवढ्या उरल्या होत्या. नमुने पुन्हा घेता येण्यासारखे नव्हते. त्यातली काही मुलं आता नाहीत.

अलार्म बंद कसा झाला हे समजायला त्या लॅबमधली एक रीत माहीत हवी. ती कुठे लिहिलेली नव्हती आणि सरांना ठाऊक नव्हती.

हल्ली नोकरीच्या मुलाखती पडद्यावर होतात. होस्टेलच्या खोलीत चौघं राहतात, वाचनालयात बोलता येत नाही, आणि लॅबमध्ये कोणी ना कोणी भांडी आपटत असतं. आतून कडी लागते, मागे पांढरी भिंत आहे आणि डोक्यावरच इंटरनेटचा डबा आहे, अशी एकच खोली विभागात होती. ती फ्रीजरची. अडचण एवढीच की फ्रीजरची जाळी धुळीने भरलेली असायची आणि अलार्म वेळीअवेळी उगाच वाजायचा. मुलं फ्रीजरला म्हातारी म्हणत. म्हातारी कधी कुरकुर करील याचा नेम नाही, आणि समोर तीन साहेब बसलेले असताना ती कोकलली तर झालंच.

म्हणून मुलाखतीआधी अलार्मची चावी फिरवायची. त्याला म्हातारीला झोपवणं म्हणत. ही छोटी चावी फ्रीजरच्या मागे खिळ्यावर असे. नियम एकच होता: जो झोपवेल तोच उठवेल. चावी परत फिरवून खिळ्यावर लावल्याशिवाय त्याने विभाग सोडायचा नाही. ही रीत ताईनेच पाडली होती, पहिल्या वर्षी, एका शिष्यवृत्तीच्या मुलाखतीसाठी. पुढे आलेल्या प्रत्येकाला तिनेच ती शिकवली.

दुसरी रीत ब्लेझरची. लॅबमध्ये मुलाखतीला घालण्याजोगा ब्लेझर एकच होता, ताईचा, निळा. तो तिच्या खुर्चीमागच्या आकड्याला टांगलेला असे. ज्याला लागेल त्याने घ्यावा. तो मुलगे पण घालत. "कॅमेऱ्याला खांदेच दिसतात," वकील म्हणायचा, "खाली हाफ पँट आहे की संस्कार, कोण बघतंय?"

वकील हे त्याचं नाव नव्हतं. तो एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता आणि कुठल्याही गोष्टीवर दोन्ही बाजूंनी वाद घालू शकायचा, म्हणून ते नाव पडलं. त्याच वर्गातली, लॅबमध्ये सगळ्यांत उशिरा आलेली मुलगी म्हणजे धाकटी. दोघांनी एकाच औषध कंपनीत अर्ज केला होता आणि दोघांच्या मुलाखती त्याच शुक्रवारी दुपारी होत्या, आधी तिची, मग त्याची.

ताईने दोघांची तयारी घेतली होती. स्वतःचं काम बाजूला ठेवून गुरुवारी संध्याकाळी ती धाकटीसमोर साहेब होऊन बसली.

"हात हलवू नकोस. माशा वारतेयस का?"

"सॉरी, मॅडम."

"पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?"

"नोकरीत."

"अगं ए! नोकरीत काय? ते नोकरी द्यायलाच बसलेत. 'जबाबदारीच्या जागेवर' असं म्हण."

"तू काय म्हणाली होतीस?"

"कोणाला?"

"तुझ्या परदेशातल्या नोकरीच्या लोकांना. आज दुपारी बोललीस ना?"

ताई हसली. "ते नाही विचारत. ते फक्त विचारतात, प्रबंध कधी देणार. जागा राखून ठेवलीय म्हणाले, दिवाळीपर्यंत." मग पुन्हा साहेबाचा आवाज काढून म्हणाली, "चला, पुढचा प्रश्न. तुमचा सर्वांत मोठा दोष?"

शुक्रवारी दुपारी धाकटी ब्लेझर घालून खोलीत गेली. चावी खिळ्यावर होती. अलार्मचा हिरवा दिवा चालू होता. तिने चावी लावून फिरवली, दिवा विझला, आणि चावी मुठीत धरून ती पडद्यासमोर बसली. मुलाखत चांगली झाली. तिने हात हलवले नाहीत. शेवटी मधल्या बाईंनी विचारलं, लगेच रुजू होता येईल का, आणि उजवीकडच्या गृहस्थांनी मान हलवली.

बाहेर वकील उभा होता, केस ओले करून बसवलेले.

"काय विचारलं? पटापट सांग."

"प्रोटीनचं विचारलं, पगाराचं विचारलं. मधली बाई चांगली आहे, उजवीकडचा खडूस."

"ब्लेझर काढ. अजून अर्धा तास आहे, पण काढ."

तिने ब्लेझर काढून दिला. "म्हातारी झोपलीय. चावी खिशात आहे."

"बरं."

हे एवढंच बोलणं झालं. अर्ध्या तासासाठी चावी पुन्हा फिरवायची आणि पुन्हा बंद करायची, हा वेडेपणा होता. पूर्वीही दोन मुलाखती लागून असल्या की चावी अशीच हातोहात जायची आणि शेवटचा माणूस म्हातारीला उठवायचा. नियमाला ही पळवाट होती, आणि ती आजवर कोणाला नडली नव्हती.

धाकटी बस पकडून घरी गेली.

वकील आरशासमोर टाय बांधत असताना त्याच्या फोनवर कंपनीचा मेल आला. जागा एकच होती, ती भरली गेली आहे, आपली मुलाखत रद्द करण्यात येत आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. त्याने तो दोनदा वाचला. भरली गेली म्हणजे कोणी भरली, हे कळायला त्याला तिसऱ्यांदा वाचावं लागलं नाही. टाय सोडला, ब्लेझर ताईच्या खुर्चीमागे टांगला आणि तो होस्टेलवर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. मुलाखत झालीच नाही हे त्याने कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंच तर "बरी झाली" म्हणायचं, असं त्याने ठरवलं होतं.

फ्रीजरच्या खोलीत तो गेलाच नाही. चावी ब्लेझरच्या खिशात राहिली.

धाकटीचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत आई पाळणाघर चालवते. वडील बसच्या कार्यशाळेत इंजिनं उघडतात. मागच्या खोलीत दादा असतो. दादा पदवीला वर्गात पहिला होता. तेव्हापासून तो सरकारी परीक्षा देतो आहे, आणि दर वेळी थोडक्यात राहतो. सुरुवातीला शेजारणी विचारत, निकाल कधी. मग विचारू लागल्या, अजून चाललंय का. आता विचारत नाहीत. आईला ते न विचारणं जास्त लागतं.

शनिवारी दुपारी पाळणाघराला सुट्टी होती. दादा खिडकीशी बसून होता, मांडीवर पुस्तक.

"पाच वर्षांनी कुठे दिसता, हे विचारलं का?"

"विचारलं."

"मला विचारलं असतं तर मी बोट दाखवून सांगितलं असतं. ही खुर्ची. फार तर उशी बदललेली असेल."

"गप रे दादा."

"हसायचं सोडून रडतेस काय? तुझं होणार. तू माझ्यासारखी हुशार नाहीस, तुझं होणार."

आतून आई म्हणाली, "तोंडाला काही लगाम आहे की नाही? चांगलं बोल जरा."

धाकटीला रात्री झोप लागत नसे ती या खोलीमुळे. मार्कांची तिला भीती नव्हती. भीती या खिडकीची होती, तिच्याखाली अजून एक खुर्ची मावेल एवढी जागा होती याची. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, पण दादाला माहीत होतं.

त्याच दुपारी केव्हातरी कॉम्प्रेसर थांबला.

सोमवारी सकाळी बसमध्येच तिला कंपनीचा मेल मिळाला. निवड झाली होती. एक तारखेला रुजू व्हायचं, त्याआधी कंपनी मार्गदर्शकांना फोन करून मुलीबद्दल विचारील. तिने घरी फोन लावला. आईने आधी दादाला हाक मारली. मागून दादाचा आवाज आला, "बघ, म्हटलं नव्हतं?" विभागाच्या पायऱ्या ती धावत चढली. ताईला आधी सांगायचं होतं.

फ्रीजरच्या खोलीत सर उभे होते, वकील उभा होता, आणि ताई स्टुलावर बसली होती. फरशीवर पाणी होतं.

सर आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी फ्रीजरकडे बघत विचारलं, "चावी कुठे आहे?"

खोलीत गारठा होता. ताईने सकाळपासून अंगावर ब्लेझर ओढून घेतला होता. ती उठली, फ्रीजरच्या मागे हात घालून रिकामा खिळा चाचपला, आणि मग रुमाल काढायला खिशात हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यात चावी होती.

तिने ती उजेडात धरून पाहिली.

"गुरुवारी," ती म्हणाली. "गुरुवारी परदेशातल्या लोकांशी बोलले मी. इथेच. हाच घालून. मी बंद केला होता, सर." मग थांबली. "परत लावला असं मला वाटत होतं."

"अलार्म बंद करतात हे मला आज कळतंय. ही कल्पना कोणाची?"

"माझीच. मीच सुरू केलं. म्हातारीला झोपवायचं…"

"म्हातारी कोण?"

"फ्रीजर, सर," वकील हळूच म्हणाला.

"असं." सरांनी चष्मा काढला. "म्हातारी मेल्याचं दुःख आहेच. पण काळ सोकावतो, ते जास्त वाईट. उद्या नवा फ्रीजर आला तर त्याचीही चावी फिरवाल."

ताईने धाकटीकडे पाहिलं. त्या पाहण्यात संशय नव्हता. अजून थोडी आशा होती, ती स्वतःसाठी.

"शुक्रवारी तू गेलीस ना गं इंटरव्ह्यूला? तेव्हा चावी खिळ्यावर होती का? दिवा चालू होता का? आठव जरा."

वकील जमिनीकडे बघत होता. धाकटीला हिरवा दिवा स्पष्ट आठवत होता. चावीचे दातसुद्धा तळहाताला आठवत होते.

"लक्ष नव्हतं, ताई," ती म्हणाली. "घाई होती."

ताईने मान हलवली. "बरोबर आहे. तुझं कशाला लक्ष असेल."

निवड झाल्याचं धाकटीने त्या दिवशी लॅबमध्ये कोणाला सांगितलं नाही. वकिलाला सांगायची गरज नव्हती.

दुपारी जिन्याखाली त्याने तिला गाठलं. "काय ठरवलंस?"

"चावी मी तुला दिली होती."

"ब्लेझर दिला होतास. नियम काय आहे? जो झोपवेल तोच उठवेल. मी खोलीत पाऊल ठेवलं नाही. सिद्ध होईल."

"तुला बोलले होते मी, खिशात आहे म्हणून!"

"आणि माझी मुलाखत का झाली नाही? तुला घेतलं म्हणून." आवाज खाली आला. "मी दोष देत नाही. पण ऐक. नमुने गेले ते गेले. तू बोललीस तर ते परत गोठणार आहेत का? चौकशी लागली की विभाग निकाल अडवून ठेवतो. निकाल नाही तर नोकरी नाही. एकीचं गेलं, आता दुसरीचं घालवायचं, हा कुठला न्याय?"

ऐकायला ते ठीक वाटत होतं. मंगळवारपर्यंत तिने त्यावर दिवस काढला. मंगळवारी सरांनी ताईला केबिनमध्ये बोलावलं. दार अर्धवट उघडं होतं आणि धाकटी बाहेर वजनकाट्यापाशी होती.

"तीन जणांची समिती नेमलीय," सर सांगत होते. "शुक्रवारी बसेल. तुला दोन वर्षं वाढवून मागता आली असती. नवे नमुने, नवी मुलं, वाईट असलं तरी झालं असतं. दुसऱ्याच्या चुकीने गेलं असतं तर मी भांडलो असतो. स्वतःच्या हाताने अलार्म बंद करणाऱ्याला मुदतवाढ कोण देणार? पीएच.डी.ची नोंदणी राहिली तरी पुष्कळ."

"हो, सर."

"नक्की तूच ना?"

"चावी माझ्याच खिशात होती, सर."

म्हणजे नमुने परत येणार नव्हते हे खरं असलं, तरी एवढ्यावर सगळं संपलेलं नव्हतं. धाकटीने वजनकाट्यावर ठेवलेली पूड परत बाटलीत ओतली. तशी ती ओतायची नसते, हे पहिल्या वर्षालाच शिकवतात.

संध्याकाळी घरी जायच्या आधी तिने दादाला फोन केला. सगळं सांगितलं. शाळेत एकदा तिने शेजारणीच्या वहीतलं गणित उतरवलं होतं तेव्हा याच दादाने तिला हाताला धरून बाईंसमोर उभं केलं होतं. तोच काहीतरी सांगेल असं तिला वाटलं.

पलीकडे एक मूल रडत होतं आणि आई त्याला थोपटत होती.

"आईने कालपासून चार घरी सांगितलंय," तो म्हणाला. "समोरच्या शेजारणीला तर मुद्दाम गॅलरीत जाऊन सांगितलं."

"दादा, मी काय करू?"

"गप्प बस."

"तू सांगतोयस हे?"

"मीच सांगतोय. दुसरं कोण सांगणार? इथे बसायला जागा नाही आता." त्याने फोन ठेवला. मग मेसेज पाठवला, मी बोललो ते विसर. मग तो मेसेजही पुसून टाकला.

बुधवारी कंपनीतून सरांना फोन आला. धाकटी काचेपलीकडे नळ्या धूत होती. सर तिच्याकडे बघत बोलत होते. बोलणं ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी दार उघडून एवढंच म्हटलं, "मी चांगलंच सांगितलंय. अभिनंदन. आम्हाला सांगायचं तरी."

ताईला अशा प्रकारे कळलं. तिने येऊन धाकटीला मिठी मारली. तिच्या हाताला अजून ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता, किंवा धाकटीला तसं वाटलं.

शुक्रवारी सकाळी समिती विभागप्रमुखांच्या खोलीत बसली. ज्यांनी त्या आठवड्यात फ्रीजरची खोली वापरली त्यांना बोलावलं होतं. वकील आला नाही. त्याची दुसऱ्या एका कंपनीची परीक्षा होती, आणि तसा अर्ज त्याने रीतसर दिला होता. बाहेरच्या बाकावर ताई आणि धाकटी दोघीच होत्या.

ताईच्या मांडीवर कागदी पिशवी होती. तिने ती सरकवली.

"घे. पहिल्या दिवशी लागेल."

पिशवीत ब्लेझर होता, धुऊन इस्त्री केलेला.

"नको, ताई."

"नको काय? मला आता कुठे लागतोय? आणि घाबरू नकोस, खिसे तपासून घेतलेत." ती हसली. ते हसू तिला नीट जमलं नाही. "आत काय विचारतील माहितीये? 'खोलीत गेलात तेव्हा अलार्म चालू होता का?' एवढंच. तू सरांना सांगितलंस तेच सांग. हात हलवू नकोस."

धाकटीने पिशवी दोन्ही हातांनी धरली. "ताई…"

दार उघडलं. शिपायाने डोकं बाहेर काढून दोघींकडे पाहिलं आणि हातातल्या चिठ्ठीवरून नाव वाचलं. ते ताईचं असेल असं दोघींना वाटलं होतं. ते धाकटीचं होतं.

ती उठली. पिशवी बाकावर ठेवायला वाकली, आणि मग न ठेवता तशीच आत घेऊन गेली.

दार आतून लागलं. ताई बाकावर बसून आहे. दार अजून उघडलेलं नाही.